आज रस्सा हिएपनं केलाय

ऑस्ट्राव्हात, आठ नंबरच्या ट्रामच्या शेवटच्या थांब्याशी,
जिथं सत्तावीस वर्षं मी गाडी वळवून उभी करायचे
आणि थर्मासमधला चहा प्यायचे,
तिथंच तुएनचं हॉटेल. सहा टेबलं,
काचेच्या पेटीत एकच मासा, तोही रुसलेला.
भिंतीवर दोन वर्षांपूर्वीचं कॅलेंडर,
कारण त्यातला धबधबा लेन्काला आवडतो.

लेन्का हे तिचं नाव नव्हेच.
कापडगिरणीत पहिल्या दिवशी हजेरी घेताना
मुकादमाची जीभ अडखळली, म्हणून त्यानं ठेवलेलं.
खरं नाव थोआ.
मला ते कळायला अकरा वर्षं लागली
आणि पाचशेच्या वर वाडगे.

गुरुवार. दार ढकललं
तर आधी वासच भेटला:
चक्रीफूल, दालचिनी, जाळावर काळं केलेलं आलं.
पण त्यामागं कुठंतरी एक जागा रिकामी.
ओळखीच्या बाईचा एक दात पडावा
आणि काय बदललंय ते चटकन सांगता येऊ नये, तसं.

तुएन गल्ल्यावर. उजवा हात प्लास्टरमध्ये, गळ्यात अडकवलेला.
हाडांचं पोतं उतरवताना बर्फावरून घसरला म्हणे.
इतक्या वर्षांत त्याला बसलेला कधी पाहिला नव्हता.
बसणं त्याला जमतही नव्हतं.
कुणीतरी खुर्चीवर ठेवून विसरून गेलंय, असा दिसत होता.

म्हणजे आज रस्सा हिएपनं केलाय.
कुणी सांगितलं नाही. सगळ्यांना कळलं होतं:
औषधाच्या दुकानातल्या दोघी पोरींना,
खाणीतून निवृत्त झालेल्या व्लास्तिमिलला,
बहुतेक त्या माशालासुद्धा.

हिएप. चौथ्या टेबलावर अपूर्णांक शिकलेला,
माझ्याकडून. आईबापांना गणित यायचं,
चेक भाषेतलं गणित यायचं नाही.
आमच्याच गावासारखा बोलतो, सगळे स्वर आखूड,
जणू शब्दांचेही पैसे पडतात.
ब्र्नोत पूल मोजायची नोकरी होती.
ऑक्टोबरात सोडून आला. तो विषय काढायचा नाही.

वाडगा आला. वाफ, तांदळाच्या पट्ट्या,
कांद्याची पात, मांसाचे कागदासारखे काप.
पहिला चमचा.
मीठ ठीक. गोडवा ठीक,
पण वरवर तरंगणारा, तळातून न आलेला.
मी लसणीचं व्हिनेगर घातलं, एक मिरची.
मग आणखी एक.
तुएन आमच्या तोंडांकडे बघत नव्हता.
वाडगे किती भरलेले परत जातात, ते मोजत होता.
व्लास्तिमिल नेहमी अर्धा रस्सा टाकून उठतो,
आज त्यानं वाडगा दोन्ही हातांनी उचलला
आणि औषध घ्यावं तसा तळापर्यंत रिकामा केला.

हिएप बाहेर आला. ॲप्रनला हात पुसत, थेट माझ्याकडे.
"कसा झालाय?"

छान म्हणता आलं असतं.
पण या पोराला मी
तीन चतुर्थांश आणि दोन तृतीयांश यांतला फरक
रडेपर्यंत शिकवलाय.
"हाडं अजून दोन तास मागत होती," मी म्हटलं.

पोरींचे चमचे थांबले.
थोआ स्वयंपाकघराच्या पडद्याआड होती,
पडद्याखाली तिचे पाय दिसत होते, हलेनात.

"अडीच," गल्ल्यावरून तुएन म्हणाला.

ऑक्टोबरपासून आमच्यासमोर तरी
बापानं लेकाशी बोललेला हा पहिला शब्द.
हिएपनं मान हलवली. कानामागची पेन्सिल काढली,
बिलाच्या पावतीमागं काहीतरी लिहिलं
आणि आत गेला.
आत भांडं आपटलं. जरा जास्तच जोरात.

तुएननं सुट्टे पैसे डाव्या हातानं दिले.
एक नाणं खाली पडलं, दोघंही वाकलो,
डोक्याला डोकं लागलं. कुणी हसलं नाही.
थोआनं तळलेल्या पिठाच्या दोन कांड्या
कागदात गुंडाळून माझ्या पिशवीत कोंबल्या.

बाहेर आठ नंबर निघतच होती.
माझी चुकली.
वळणावर चाकं किंचाळली,
आणि मी तिथंच उभी राहून, सवयीनं,
मोठ्यानं म्हटलं:
रुळाला वंगण कमी पडलंय.