चाळीस किलोची लादी

गोंदियाहून बर्फाची गाडी येते पहाटे साडेचारला.
भुशात गुंडाळलेली लादी, पावतीवर चाळीस किलो,
पाळीवर उतरेस्तोवर छत्तीस.
उरलेले चार रस्त्यानं प्यायले
असं संस्थेच्या वहीत लिहिता येत नाही.
मी लिहितो : घट.

आज गुंफा नान्हे आली, पाठीला दप्तर, हातात बापाचा डबा.
बाप अजून पाण्यात.
"काका, बरफाचा एक देश आहे, तुमाले मालूम आहे का?
नकाशात दिसत नाही.
जिथं तो पाहिजे, तिथंच सरनं खिळा ठोकला."

भुशाच्या ढिगावर बसून तिनं मग देश मांडला.
आपल्या विदर्भाएवढा, जरासा मोठाच.
आणि माणसं? चार लाखही पुरी नाहीत.
मी बोटं मोडत बसलो :
साकोली, लाखनी, लाखांदूर एवढे तीनच तालुके ठेवायचे
आणि पार बुलढाण्यापर्यंत बाकी नुसता वारा.
"तेही काठाकाठानं राहतात, काका. मधात कोणी नाही."
म्हणजे आपल्यासारखंच.
तलावाच्या मधात कोण राहतं?

झाडं फारशी नाहीत म्हणाली.
झाडीपट्टीत जन्मलेला माणूस मी, मला ते पटेना.
सरपण कशाचं मग? मयतीला लाकूड कुठून?
"ते पुस्तकात नव्हतं."
जमिनीतून ऊन पाणी निघतं, नळानं घरोघर जातं.
मे महिन्यात आपल्याही टाकीतून जातं, मी म्हटलं.
ती हसली नाही. परीक्षा जवळ आली आहे.

नद्यांच्या विजेवर ते ॲल्युमिनियम काढतात,
ज्याला तिची आई जर्मन म्हणते
आणि ज्याच्या गंजात मासोळीचं आंबट शिजतं.
पण आधी पोट चाललं ते मासोळीवरच.
"सगळा देश ढिवरांचा?" मी उठूनच बसलो.
"तसं नाही हो काका."
पण मला तसंच ऐकू आलं, आणि थोडा वेळ मी तसंच राहू दिलं.

किती धरायचं ते मोजून ठरतं तिथं,
दर बोटीचा वाटा लिहिलेला.
आमच्याकडे लीज लिहिलेली आहे.
त्रेसष्ट हेक्टर तलाव, निम्म्यात बेशरम,
सभासद एक्केचाळीस.
रोहू-कतल्याचं बीज सोडलं त्या सालापासून
डाडक गेला, शिंगूर गेला,
आणि घट या शब्दात ते दोघं मावत नाहीत.

"तिथं आडनाव नसते, काका.
बापाचं नाव, अन् पुढं त्याची लेक.
कोणी आईचंही लावते. चालते."
चपलेतला भुसा झटकत ती म्हणाली,
"मी भागरथाची लेक लिहीन."

भागरथा. चार पावसाळे झाले,
छातीएवढ्या पाण्यात उभी राहून
देवधानाची रोपं चिखलात रोवते आहे ती,
मासोळीला अंडी घालायला जागा पाहिजे म्हणून.
बेशरम उपटून हाताला फोड येतात.
परवा मरळीची पिलं दिसली तिथं, लालसर थवा,
आम्ही सगळे पाळीवर उभे राहून बघत होतो, कोणी बोललं नाही.
एक्केचाळीस नावांत तिचं नाही.

दामाजी आला. अकरा किलो, त्यात एक मरळ.
गुंफानं डबा ठेवला, निघाली,
आणि वळून लादीकडे बोट केलं :
"अस्साच दिसते तो."
कडा खाल्लेल्या, मध्ये उंचवटा, कोणी वस्तीला नाही,
भोवताली ओट्यावर पसरलेलं पाणी.

मी वही उघडली. बेचाळिसावी ओळ आखली.
मग आठवलं की सभा लागते, ठराव लागतो,
सही लागते साहेबाची.
पेन तसंच धरून बसलो.
तोवर तो देश वितळत कोपऱ्यापर्यंत आला
आणि पान खालून ओलं व्हायला लागलं.