मीठ धरून

जर्दाळू तोलायचा काटा
आज छताच्या तुळईला टांगलाय,
आणि त्याला लटकतेय इमोमनझरची सॅक,
लष्करातून परतताना त्यानं आणलेली.
सतरा किलो चारशे.
शिरीनमो खोरोगहून आलीय कालच. म्हणते,
पंधराच्या वर दाणा नको,
पाचव्या दिवशी दाण्याचाही डोंगर होतो.

मग आम्ही छाटत बसलो.
टूथब्रशचा दांडा, औषधांची खोकी,
तंबू कसा धुवावा हे सांगणारं लेबल,
तिचं दुसरं भांडं, माझा दुसरा स्वेटर.
तुतीचं पीठ सहा पुड्यांत, दिवसाला एक.
सातवी बांधावी की नाही, यावर भांडण.
सातवी म्हणजे भीती, ती म्हणाली.
मी भीती काट्यावर ठेवली:
दोनशे दहा ग्रॅम. बांधली.

शेजारची गुलनिसो दारातून डोकावली.
कुठं गं?
पलीकडच्या खोऱ्यात.
गाडी जाते की आता. मंगळवारी.
माहीत आहे.
मग?
आम्ही एकमेकींकडे पाहिलं.
तिनं ओंजळभर कुरूत उंबऱ्यावर ठेवलं
आणि डोकं हलवत निघून गेली.
दह्याचे वाळलेले गोळे, दगडासारखे.
घ्यावेच लागले.

नकाशा सोव्हिएत काळातला,
घड्यांवर विरलेला,
एकेका घडीत एकेक ओढा हरवलेला.
बाबा त्यावर वाकले, चष्मा न लावता.
नाव त्यांचं नेककदम, चांगल्या पायगुणाचा.
गुडघे दोन्ही गेलेत.
अंतर ते किलोमीटरमध्ये सांगत नाहीत.
इथून मेंढवाड्यापर्यंत दोन चहा.
मेंढवाड्यापासून पाण्यापर्यंत
एक चहा आणि एक शिवी.
नदी सकाळी आठच्या आत ओलांडा,
तोवर ती माणसाचं ऐकते;
वरच्या बर्फाला ऊन लागलं
की कुणाचंच नाही.

नकाशावर हिमनदीची निळी जीभ आहे.
फोनवरच्या फोटोत तिथं राखाडी चुरा.
मी दोन्ही शेजारी धरले.
बाबांनी फोन पालथा घातला
आणि निळ्यावरून बोट फिरवलं,
गार लागतं का पाहावं तसं.

खिंडीला नाव नाही, आकडा आहे: ४७३०.
चौथा मुक्काम तिच्या पायथ्याला,
दगडांच्या खोपटात.
बोट तिथं थांबलं.
मीठ घ्या. अर्धा किलो.
आहे की, मी म्हटलं, काडेपेटीत भरून. पुरेल आम्हाला.
तुम्हाला नाही.

मग तुकड्यातुकड्यांनी आलं ते.
तो उपाशी हिवाळा. पलीकडे पीठ मिळतंय, अशी वार्ता.
वाऱ्यानं तीन दिवस खोपटात कोंडलेले.
भिंतीतला एक दगड हलत होता,
त्यामागे पत्र्याचा डबा, कुणाचा ते
आजवर कळलेलं नाही.
वितळवलेला बर्फ आणि त्यात मीठ,
हेच सकाळी, हेच रात्री.
परत भरून ठेवीन, म्हणालो होतो.
कुणाला म्हणालात?
डब्याला.
पुढे रस्ता झाला. मग तुझी आई. मग हे गुडघे.

आमच्या चहात मीठ असतंच.
त्यांनी चिमूट टाकली, ढवळली,
वाटी तशीच ठेवली
आणि भिंतीकडे तोंड करून आडवे झाले.

शिरीनमो, जिनं लेबलाचा दोराही उसवून काढला होता,
स्वयंपाकाच्या कोपऱ्यात गेली,
माझ्या जुन्या मोज्यात मीठ भरून आणलं
आणि वर दोनदा गाठ मारली.
पुन्हा तोललं.
पंधरा किलो सहाशे, मीठ धरून.
सहाशे जास्त होतायत, मी म्हणाले.
सॅक उतरवत ती म्हणाली,
चौथ्या दिवसापर्यंतच.

आम्हाला वाटलं बाबा झोपले.
डबापण न्या, भिंतीकडूनच आवाज आला,
तो गंजला असेल एव्हाना.