दोन बोळांचं विमान

वाघोलीच्या पुढे, फरशीवाल्याच्या गोडाऊनशेजारी
आमचं विमान उभं आहे.
प्लायवूडचं. नाक नाही, शेपूट नाही, पंख तर नाहीतच,
नुसतं पोट.
पण रुंद पोट. दोन-चार-दोन खुर्च्या
आणि मधून दोन बोळ.

रघुवीर पांचाळांनी बांधलं ते,
जन्मभर लोकांच्या किचनला ट्रॉल्या बसवलेल्या हातांनी.
मी सांगितलं, एकोणीस इंच, दोन्हीकडे सारखं.
ते म्हणाले, करू की बाई.
मग नवव्या ओळीत शेडचा खांब आला.
खांब काही हलेना. डावा बोळ तिथं सतराचा झाला.
"विमानात खांब नसतो हो," मी म्हटलं.
"मग तुमच्या पोरींना तिथं सोपं जाईल,"
म्हणाले, आणि पेन्सिल कानामागे खोचून चहाला गेले.

पोरी येतात इंदापूरहून, शिरूरहून, एक लोणंदची.
पहिल्या आठवड्यात प्रत्येकीच्या कमरेवर
खांबाचा निळा डाग.
मी शिकवते: ब्रेक पायाने, कोपर आत, हसू डोळ्यांनी.
आणि एक, जे पुस्तकात नाही:
पलीकडच्या बोळात न बघता
तिथली चाल ओळखायची.
तिकडची विसाव्या ओळीला पोचली
आणि इकडची पंधराव्यालाच, असं नको;
मधली चार माणसं हिशोब ठेवतात
जेवण आधी कुणाला मिळालं.

अकरा वर्षं मी उजव्या बोळात होते.
डावीकडे पेरीन, कॅम्पातली.
चार खुर्च्यांपलीकडे दिसायचा तिचा अंबाडा,
एक खांदा, किटली धरलेला हात.
मध्यरात्री, खाली कुठला तरी काळा समुद्र,
आणि झोपलेल्या तीनशे माणसांच्या दोन कडांनी
आम्ही दोघी, एकाच पावलाने.
भेटायचो शेवटी, पडद्यामागे.
तिच्या डब्यातला भाकरा, अर्धा अर्धा, उभ्याउभ्या.
बोलणं काय तर,
"तुझ्याकडचा छत्तीस-डी उठला का गं?"
यालाच मी मैत्री म्हणत आले.
तिनं नोकरी सोडली, ते मला रोस्टरवरून कळलं.

लोहगावची विमानं डोक्यावरून जातात,
बहुतेक एकाच बोळाची.
पत्रा थरथरतो.
आमच्या विमानाला तेवढंच उड्डाण.

आज अंधारातलं ड्रिल होतं
आणि लाइट खरंच गेली.
शिट्टी माझ्या हातातच राहिली.
लोणंदची धायगुडे मधल्या खुर्चीतून ओरडली,
"मॅडम, मी बरोब्बर मधी आहे!
कुठल्या बोळात जाऊ?"

उत्तर पुस्तकात आहे:
जो जवळ, जो मोकळा, तो. लगेच.
मी तेच सांगणार होते.

पण डावीकडे कुणाची तरी पावलं वाजली,
माझ्या पावलांना धरून,
ना पुढे, ना मागे.

"डावीकडे ये," मी म्हटलं.
"खांब सांभाळ."