पट्टी काय म्हणते

माघ सरत आला तरी निफाडची थंडी
बागांमधून हलत नव्हती.
द्राक्षवाले रात्रभर पाचट धुमसत ठेवायचे
आणि धूर वर न जाता
गोदेच्या अंगावर पालथा पडून राहायचा.

इस्माईलचाचा पिंजारी अशाच पहाटे यायचा,
खांद्याला ठासणीची बंदूक,
पायजमा गुडघ्याच्या वर दुमडलेला.
वडिलांना रामराम घालायचा
पण विचारायचा मला:
"पोरी, पट्टी काय म्हणते?"

वडील बंधाऱ्यावर गेजवाचक.
दगडी खांबावर रंगवलेले फूट न् इंच
मी ओरडून वाचायचे, ते वहीत मांडायचे.
त्या आकड्यांवर खाली कुठेतरी ऊस वाढायचा
आणि चाचाच्या घरची हंडी शिजायची.

"कार्तिकातलं बदक भोळं," तो सांगायचा,
"लांबून आलेलं, उपाशी, जागा मिळेल तिथे उतरतं.
आता शेवटाला उरलेत ते
सगळे बार ऐकून बसलेले म्हातारे.
ऊन लख्ख पडलं की तलवार बदकं इतकी उंच
की आभाळाला नुसती चीर.
ढग हवा.
वारा आपल्या पाठीला हवा,
बदक वाऱ्याला तोंड देऊनच खाली येतं, समोरून, पाय पुढे टाकत.
पण आधी पाणी, पोरी.
दारणेचं पाणी चढलं की ते गवतात शिरतं,
त्याच्यामागे थापटे,
चोचीचं फावडं चालवत थेट लव्हाळ्यापर्यंत.
आणि कालवे सुटले की संपलं.
काठाला पन्नास पावलं चिखल,
पाखरं सगळी मधल्या डोहात,
छऱ्याच्या पल्याड
गप्पा हाणत."

एका शनिवारी मी म्हणाले,
"चढतंय. सकाळपर्यंत सव्वा फूट."

चढत नव्हतं.
दोन्ही कालव्यांची दारं संध्याकाळीच उचलली होती.
मी असं का म्हणाले
ते आज साठीतही मला धड सांगता येत नाही.
चक्रवाकांची एक जोडी रोज पट्टीजवळ बसायची, ते असेल.
किंवा मोठ्या माणसाला
आपल्या शब्दावर चालताना बघायचं असेल.

रात्रभर तो चापडगावच्या अंगाला लव्हाळ्यात पडून होता.
मी गोधडीत जागी.
कालव्याचा आवाज घरापर्यंत येत होता,
त्याच्यापर्यंत जात नसावा.
पाणी त्याच्या कोपरांपासून
थोडं थोडं मागे सरकत गेलं असेल,
आधी त्याला धुकं वाटलं असेल.

उजाडता तो आला.
कमरेपर्यंत चिखल, सुकून भेगाळलेला.
बार तसाच भरलेला.
"काय झालं?" वडिलांनी चहा पुढे केला.
"ढगच आले नाहीत, साहेब."

वडिलांनी वर पाहिलं.
आभाळ गच्च भरलेलं होतं,
वारा हवा तसा, पाठीवरचा,
सगळं त्याने मागवल्यासारखं.
वडील काही बोलले नाहीत, वही मिटली.
बशी पुसून ठेवताना चाचा मला म्हणाला,
"धूर फार होता ना काल. डोळ्यात गेला असेल."

पुढे कायदा आला,
बंदूक निफाडच्या चौकीत जमा झाली,
आता त्याच काठावर दुर्बिणी लावतात
आणि पोरं मला पाखरांची नावं विचारतात.
मला पाण्याचीच जास्त ठाऊक आहेत.

पण त्या चैत्रात तो कमान घेऊन आमच्या ओट्यावर आला होता.
तुणतुण, तुणतुण,
दिवसभर आमच्या गाद्यांचा कापूस
त्याच्या भुवयांवर उडत होता.
मजुरी घेतली नाही,
"वर्षभराच्या चहाची" म्हणाला.

रात्री माझ्या गादीच्या शिवणीतून
काहीतरी गालाला टोचलं.
ओढून काढलं तर पीस,
नखाएवढं, हिरवं,
ओलं असल्यासारखं चमकणारं.

चुकून पडलं असेल.
पिंजाऱ्याच्या हातून
कापसात पीस चुकून पडत नाही, असं आई म्हणाली.