विश्रांतीचा दिवस

(जॉर्जटाउन, गयाना)

सकाळच्या निर्णयावर पाहुण्या कप्तानाने स्टंप लाथाडला,
दुपारच्या निर्णयावर आपल्याच लोकांनी बाटल्या फेकल्या.
मी रेडिओपाशी होते, बोराच्या शेंगा मोडत.

एग्बर्ट घरी आला तो पोलिसांच्या जीपमधून.
कोट खुंटीला टांगला. खिशातले सहा खडे
बशीत काढून ठेवले, रोजच्यासारखे.
जेवला. बोलला नाही.

आज विश्रांतीचा दिवस.
बाजारात मासळीवालीने काटा मारला,
तेवीस वर्षांत पहिल्यांदा,
आणि वर म्हणाली, "त्याला सांग, मला पण नीट दिसत नाही हल्ली."

पोस्टातून दोघे येऊन गेले.
समुद्राच्या भिंतीवर फिरायला चल म्हटलं, नको म्हणाला.

संध्याकाळी पुन्हा शेंगा घेऊन बसले.
टक्.
त्याने मान वर केली.
"अजून एक मोड."
टक्.
"आता माझ्याकडे पाठ करून."
टक्.
डोळे मिटून ऐकत राहिला,
बोट गुडघ्यावर, जरासं थरथरणारं.
"बॅटच होती," म्हणाला. मग,
"अजून एक."

दिवा लावला तेव्हा टोपली रिकामी होती.
उद्या दहाला खेळ सुरू.
एवढ्या शेंगा आता खाणार कोण?