अजून

ग्रिम्स्बीत, हॅडॉकना धुरी देतात त्या गल्लीत,
दुसऱ्या मजल्यावर मी एका जुन्या सागरी कादंबरीचं
मराठी करत बसलेय.
प्रत शेजारच्या डोरीन थॅकरेंची,
कणा उसवलेला, पानांना डिझेलचा वास.

इंग्रजीत त्याचे तीन शब्द होतात.
आपल्याकडे तिन्ही एकाच खुंटीला:
किनारा अजून दिसत नाही.
कप्तान अजून जिवंत आहे.
अजून एक पीप फोडा.

पहिल्या प्रकरणात तो कुणाच्या लक्षातही येत नाही.
बंदरात खानसामा विचारतो, मीठ अजून आलं नाही?
पोऱ्या विचारतो, अजून किती लांब?
आणि सगळे हसतात.
सातव्यात डोलकाठी मोडते,
तिथून पुढे पानाला चार-चार.
बंडखोर सुतार सुरी पुसत म्हणतो,
अजून वेळ गेलेली नाही.
तेच वाक्य, चाळीस पानांनंतर,
गुडघाभर बर्फात
कप्तानाला पाठुंगळी घेऊन तोच म्हणतो.

पुण्याहून चक्रदेवांचा निरोप:
शब्द फार वेळा येतो. निम्मे काढा.
एक काढून पाहिला.
कप्तान जिवंत आहे.
झालं. माणूस ठणठणीत, चहा पीत असल्यासारखा.
त्या तीन अक्षरांनी उशाशी
कुणाला बसवून ठेवलं होतं
ते काढल्यावर कळलं.

वॉल्टर थॅकरे पेन्सिलीने टिंब देत गेलेत,
'नाही'च्या सोबतीने येतो त्याच्याखाली,
फक्त त्याच्याच.
दोनशे अकराव्या पानापर्यंत.
तिथे गोदीतली वजनाची चिठ्ठी, शाई उडालेली.
पुढे नुसती छपाई.

जिन्यात डोरीनना विचारलं,
पुस्तक वाचून झालं होतं का त्यांचं?
दोन्ही हातांत दुधाच्या बाटल्या, तशाच थांबल्या.
मग म्हणाल्या,
अजून नाही.
बोट बुडून पन्नास वर्षं झालीत.
मी काळ दुरुस्त केला नाही,
अनुवादातही करणार नाही.

चक्रदेवांना कळवलं, एकही निघणार नाही.
शेवटच्या प्रकरणात किनारा लागतो,
तिथे लेखकालाच तो शब्द लागलेला नाही;
तेवढ्यावर त्यांनी समाधान मानावं.

निघताना डोरीननी कागदात गुंडाळून
हॅडॉकचे दोन तुकडे दिले होते.
साबणाने दोनदा हात धुतले,
बोटांना वास आहे अजून.