सहा फेऱ्यांचा कसारा

चौपाटी ते तीन बत्ती, तिथून वर हँगिंग गार्डन:
पन्नास मीटर चढ, मी मोजलाय.
म्हणजे सहा फेऱ्या झाल्या की एक कसारा.
हा हिशेब ऐकून लोक हसतात.
बुधा आगिवले हसला नाही.
बंद बंगल्याच्या फाटकाशी खुर्ची टाकून बसलेला,
कानटोपी, टॉर्च, पायांत मालकाच्या मुलाचे जुने बूट.
एवढंच म्हणाला,
"मोजणार कोण? दम लागला की माणूस खोटं मोजतो."

तेव्हापासून रविवारी पहाटे
तो फाटकाच्या कठड्यावर खडे मांडतो.
मी धापा टाकत वर येतो, एक खडा.
खाली जातो, समुद्राचा खारा वारा तोंडावर घेतो,
वळतो.

मी लिफ्टचा मेकॅनिक.
आठवडाभर याच टेकडीवरच्या माणसांना
वायरदोराला टांगून वर पोचवतो.
लिफ्टचं एक बरं असतं:
डबा वर जातो तेव्हा शाफ्टच्या अंधारात
वजनाला वजन म्हणून लोखंड खाली उतरत असतं.
सायकलला असलं काही नाही.
पोटऱ्या, फुप्फुसं,
आणि दर शनिवारी तेल पाजूनही करकरणारी चेन,
संपला कारभार.

चौथ्या फेरीला पाय नाही म्हणतात.
पारशांच्या झाडीतून मोर ओरडतो.
कुणाचा तरी ड्रायव्हर गाडी पुसता पुसता
"चला काका" म्हणतो.
मी बेचाळीसचा. काका ऐकून
उगीच एक गिअर चढवतो,
आणि पुढच्या खांबापाशी भोगतो.

बुधा विहीगावचा.
करवंदांच्या पाट्या, लाकडाच्या मोळ्या
इगतपुरीच्या बाजाराला नेताना
बापामागून तो घाट चढलाय,
अनवाणी, आणि न मोजता.

जानेवारीत निघालो तेव्हा विचारलं,
काय आणू घाटातून?
"काय आणतोस!" म्हणाला. मग बराच वेळानं,
"तिसऱ्या वळणाला, उंबराखाली, झरा आहे का बघ.
बाप तिथं मोळी उतरवायचा."

सहा फेऱ्यांचा नव्हता तो.
सहा फेऱ्यांत मधे मधे उतार येतो,
हे मी धरलंच नव्हतं.
इथं एकच फेरी, आणि ती संपत नाही.
शेजारून कंटेनर पहिल्या गिअरमध्ये कण्हत जात होते,
माझ्याहून जरासेच वेगानं;
एकाच्या क्लीनरनं खिडकीतून हात काढून
मला बिडी दाखवली, हवी का म्हणून.

तिसरं वळण कुठलं?
रस्ता रुंद करताना वळणं सरळ झालीत.
मी तिसरं धरलं ते कदाचित पाचवं असेल.
उंबर नव्हता. सिमेंटची भिंत, भिंतीला भोकं,
एका भोकातून प्लास्टिकच्या पाइपाचं तोंड,
आणि तोंडातून थेंब. थेंब. थांबून, थेंब.
बाटली भरायला सतरा मिनिटं लागली.
नाशिकची दोन पोरं थांबली, "पंक्चर?"
नाही, पाणी.
"माथ्यावर विकत मिळतं की," म्हणाली, आणि गेली.

घाटणदेवीपाशी टेकलो
तेव्हा कठडा होता, खडेही होते.
ठेवणार होतो एक. राहिलं.

पुढच्या रविवारी बाटली दिली.
बुधानं टॉर्च मारून पाणी पाहिलं,
वास घेतला, एक घोट तोंडात फिरवला.
"पाइपाची चव आहे," म्हणाला.
मी सांगणार होतो भिंतीचं, उंबराचं,
पण तो पीत राहिला,
मान मागे टाकून, शेवटच्या थेंबापर्यंत,
आणि झाकण लावून बाटली स्वतःकडेच ठेवली.

मग खिशात हात घालून खडे चाचपले.
"जा," म्हणाला, "उजाडेल."